राहणाऱ्यांचं पाणी

आमच्या ओढ्याला नाव नाही. आम्ही त्याला पल्याडच्या गावाचा ओढा म्हणतो, पल्याडचे लोक आमच्या गावाचा म्हणतात. त्याला आपला म्हणायची हौस कुणालाच नव्हती. पावसाळ्यात दोन-चारदा अंगात आल्यागत यायचा, बांध फोडायचा, एखादी शेळी ओढून न्यायचा आणि दिवाळीपर्यंत गप पडायचा. मग उरलेलं वर्ष नुसती वाळू. पाथर्डीहून जीपनं पहिल्यांदा आलेल्या माणसाला तो रस्ताच वाटायचा. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, आणि कसल्या गावात दिली मला म्हणून मी बापाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

माझ्या माहेरी आड होता. पोहरा सोडला की पाणी वर. इथं सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात कळशी आणि पितळी वाटी दिली आणि म्हणाल्या, "चल." ओढ्याच्या वाळूत एक खड्डा होता, बाई कमरेइतकी आत उतरेल एवढा. त्याला झिरा म्हणतात. तळाशी पाणी पाझरून जमतं, ते वाटीनं अलगद उचलायचं आणि फडक्यातून गाळून कळशीत ओतायचं. एकीची कळशी भरली की दुसरीनं उतरायचं, तोवर पुन्हा पाणी जमलेलं असतं. घाई चालत नाही. वाटी खोल घातली की वाळू उठते आणि वर थांबलेल्या सगळ्या बायका तोंड सोडतात. मी घाई करायचे, माझा स्वभावच तो. "कुठं आग लागलीय का गं?" असं आत्याबाई मला रोज एकदा तरी विचारायच्या.

दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. जमीन आहे, पण ती पावसावर. बाजरी निघाली की पुढं करायचं काय? मग नवरा-बायकोनं मिळून एक कोयता धरायचा. मुकादम आमच्यात माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. मी बारावीपर्यंत शिकलेली, वर्गात निबंध वाचून दाखवणारी पोरगी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी अर्धा कोयता झाले. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं गावात मागं राहतात, आणि ऊन तापायला लागलं की आम्ही परत येतो.

जाण्याच्या आदल्या दिवशीची एक रीत होती. जाणाऱ्या घरांतली सगळी माणसं कुदळी-फावडी घेऊन ओढ्यात उतरायची. पल्याडच्या गावची टोळीही त्याच दिवशी उतरायची. वळणावर, जिथं वाळू सगळ्यात जाड, तिथं दोन्ही गावांनी मिळून नवा झिरा काढायचा. कोसळू नये म्हणून कडेनं दगड रचायचे, शेरडं पडू नयेत म्हणून बाभळीचे काटे लावायचे. पहिलं पाणी गढूळ असतं, ते उपसून टाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तळाचा खडा न् खडा दिसेल असं पाणी व्हायचं. मग जाणाऱ्यांनी पहिली कळशी भरायची आणि राहणाऱ्यांच्या डोक्यावर द्यायची. जाणाऱ्यांनी मात्र त्यातला थेंबही तोंडात घालायचा नाही. ते राहणाऱ्यांचं पाणी.

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आदल्या दिवशी खणून माझे हात सोलले होते. सकाळी कळशी भरायला म्हणून झिऱ्यात उतरले आणि पहिली वाटी सरळ तोंडाला लावली. आत्याबाईंनी वरून वाकून माझ्या हातावर असा फटका मारला, की वाटी दगडावर आपटून तिला कायमचा पोचा पडला.

"तू चाललीस ना? मंग हे तुजं न्हाई!"

दोन गावांच्या देखत. पल्याडच्या बायका पदर तोंडात घालून हसत होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून मी नेवासा येईपर्यंत रडत होते आणि नवरा समजूत काढत होता, "आईचा हात लई जड हाय. मी ल्हानपनापासनं खाल्लाय." त्या हंगामात मी प्रत्येक उसाच्या बुडख्याशी सासूचं तोंड आठवून कोयता घातला. आमच्या कोयत्याचं काम त्या वर्षी टोळीत सगळ्यात पुढं होतं.

पल्याडच्या गावात आत्याबाईंची एक मैत्रीण होती. दोघी एकाच गावच्या लेकी, एकीला ओढ्याच्या या काठाला दिलेली, दुसरीला त्या. नवरे दोघींचेही गेलेले. रोज सकाळी झिऱ्यावर त्यांची गाठ पडायची आणि भांडणानंच सुरुवात व्हायची. "तुज्या गावानं माजं पानी चोरलं गं," ही म्हणायची. "तुजं कवा झालं? तुजा बाप खनून गेल्ता का?" ती म्हणायची. मग दोघी काठावर बसून मिसरी लावायच्या आणि उन्हं चढेपर्यंत उठायच्या नाहीत. मी एकदा आत्याबाईंना विचारलं, "आम्ही तिकडं गेल्यावर तुम्हाला करमतं कसं हो?" त्या म्हणाल्या, "तुमी गेल्यावरच करमतं." पुढं मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिला त्यांच्याजवळ ठेवून आम्ही जायला लागलो. झिरा आहे, आत्याबाई आहेत, एवढ्या भरवशावर मी माझं पोर मागं सोडत होते. ज्या बाईनं मला फटका मारला तिच्याइतका विश्वास मी कुणावरच टाकला नाही, हेही खरं.

जिल्हा एकच आहे, हे मला कधी पचलं नाही. श्रीरामपूरकडं आम्ही ज्या फडात ऊस तोडायचो, तिथं पायाखाली चिखल असायचा. कालव्याचं आवर्तन सुटलं, की पाटातून पाणी खळाळत जायचं आणि पोरं त्यात म्हशी धुवायची. मी सकाळी कोयता घासताना त्या पाण्याकडं बघायचे आणि मला पोटातून राग यायचा. कुणाचा, ते सांगता यायचं नाही. पाण्याचाच यायचा बहुतेक.

अशाच एका उन्हाळ्यात आम्ही परत आलो, तर गावात ओढ्याच्या खोलीकरणाची चर्चा. पारावर सभा झाली. गावातले एक पुढारी, ज्यांची वरच्या अंगाला डाळिंबाची बाग आहे, ते उभं राहून समजावून सांगत होते. "ओढा खोल झाला की पानी साठंल. पानी साठलं की हिरी भरतील. हिरी भरल्या की कोयता सुटला!" या शेवटच्या शब्दांवर सगळे हात वर गेले. माझ्या नवऱ्याचा सगळ्यांच्या आधी. घरी आला तो हसतच. "दोन वर्सं कळ काढ. मंग तुला बी डाळिंबाची बाग." बायकांना कुणी विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं तरी आम्ही हातच वर केले असते. कोयता सुटणार म्हटल्यावर मी ओढाच काय, सगळं गाव उचलून द्यायला तयार होते.

पोकलेन आलं त्या दिवशी पूजा झाली. आत्याबाईंनी पुढं होऊन त्याच्या बकेटला हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला आणि मान वर करून म्हणाल्या, "बाई गं, केवढा जड हात हाय हिचा!"

"तुमच्याइतका न्हाई," मी म्हणाले. सगळ्या बायका हसल्या, त्याही हसल्या. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या फटक्याचा उल्लेख त्यांच्यासमोर केला आणि आमच्यातलं काहीतरी त्या दिवशी मिटलं.

मशीन महिनाभर चालत होतं. आधी वाळू निघाली, मग मुरूम, मग खडकावर बकेट घासल्याचा आवाज घरापर्यंत यायला लागला. दोन्ही काठ भिंतीसारखे उभे कापले गेले. वाळू डंपरमध्ये भरून जात होती.

"ही वाळू कुठं चाललीय?" मी नवऱ्याला विचारलं.

"बाजूला टाकायला."

"डांबरी रस्त्यानं?"

तो चपला घालून बाहेर गेला. मीही पुन्हा विचारलं नाही.

पाऊस बरा झाला आणि खरोखर ओढा भरला. असा भरलेला कुणी कधी पाहिला नव्हता. काठापर्यंत तुडुंब, हिरवंगार, जागेवर थांबलेलं पाणी. जलपूजन झालं, मंडप उभा राहिला, साडी-चोळी पाण्यात सोडली, पुढाऱ्यांनी भाषण केलं आणि पोरांनी पाण्याकडं पाठ करून फोटो काढले. माझा नवरा तर रोज संध्याकाळी नुसता बघायला जायचा, जावयाचं कौतुक बघावं तसा. फक्त त्या दोघी म्हातार्‍यांची पंचाईत झाली. मधे पाणी, दोन्हीकडं भिंती. ही या काठावर, ती त्या काठावर, आणि एकमेकींना ऐकू जाईना. काही दिवस त्यांनी हातवारे करून भांडण चालू ठेवलं.

दिवाळी झाली. टोळी निघायचा दिवस आला. या वर्षी शेवटचं, पुढच्या वर्षी काही जावं लागत नाही, असं म्हणत सगळे बांधाबांध करत होते. कुदळ कुणीच काढली नाही. डोळ्यांसमोर एवढं पाणी असताना झिरा कशात काढायचा आणि कशाला? वाळूही नव्हती. आत्याबाईच म्हणाल्या, "जावा आता. हात कशाला सोलून घेता?" निघताना मी मुद्दाम त्यांच्या डोळ्यांदेखत ओढ्याच्या पाण्याची बाटली भरून घेतली. त्या म्हणाल्या, "आनखी एक भर." मला ते फार आवडलं होतं तेव्हा.

दोन गावांत इतकी शहाणी माणसं, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. पाणी वाळूत होतं तोवर ते वाटीनंच निघायचं. मोटारीनं ओढायला गेलं तर वाळू यायची. म्हणून तर ते आमच्यासारख्यांच्या वाट्याला उरत होतं. आम्ही वाळू काढून ते उघडं केलं आणि कुणी घ्यायचं ते मोटारीवर सोडलं. टोळ्या गेल्या आणि दोन्ही काठांवरून पाइप खाली उतरले. पुढाऱ्यांचा पाइप सगळ्यांत जाड होता. संक्रांत झाली तेव्हा ओढ्याच्या तळाचा खडक उघडा पडला होता.

मला यातलं काही माहीत नव्हतं. फोन केला की आत्याबाई म्हणायच्या, "पानी हाय गं. तू तुजा ऊस तोड." पोरीलाही त्यांनी दटावून ठेवलं होतं, आईला सांगितलंस तर याद राख म्हणून. लांबच्या एका मळ्यातल्या विहिरीवर जाऊन त्या हात पसरून कळशीभर पाणी आणत होत्या. गावातल्या काहींनी तालुक्याला जाऊन टँकर मागितला, तर तुमच्या ओढ्याचं काम झालंय की, असं म्हणून परत पाठवलं. मग मळेवाल्यानंही नाही म्हटलं. तेव्हा एके सकाळी आत्याबाईंनी कुदळ घेतली, ती पोचा पडलेली वाटी घेतली, कळशी घेतली, आणि पूर्वी जिथं वळणावर झिरा असायचा तिथं खणायला म्हणून एकट्या खाली उतरल्या.

तिथं मुरूम होता. त्यांनी खणून पाहिलं, काही पाझरलं नाही. रिकामी कळशी घेऊन तो उभा काठ चढताना पाय निसटला.

पल्याडच्या म्हातारीनं वरून हे सगळं पाहिलं. तिला खाली उतरता येईना. ती काठावर बसून हाका मारत राहिली, पण हाक ऐकून धावतील अशी माणसं दोन्ही गावांतली उसाच्या फडात होती. आणि खाली पडलेल्या आत्याबाई तिला म्हणत होत्या, "अगं वरडू नको. तुजा घसा वाळंल." ही गोष्ट त्या म्हातारीनं मला नंतर सांगितली. सांगताना ती हसायला लागली आणि मग तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. शेवटी शाळेतल्या गुरुजींनी चार माणसं गोळा करून बाज खाली सोडली आणि आत्याबाईंना वर काढलं. माझ्या पोरीचा फोन आला तेव्हा मी मोळी बांधत होते. "आई, आजी ओढ्यात पडली," ती म्हणाली, आणि मी वेड्यासारखं विचारलं, "पोहता येत नव्हतं का तिला?" माझ्या डोक्यात अजून तो भरलेलाच ओढा होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन करून आत लोखंडी पट्टी टाकली, पण त्या पुन्हा धड चालल्या नाहीत. घरी आणल्यावर पुढारी सफरचंदं घेऊन भेटायला आले. बाजेशेजारी खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "म्हातारीनं खाली उतरायचं कामच काय हुतं? मला फोन करायचा. पानी पाठवलं असतं."

मी चहा करत होते, ती तशीच बाहेर आले. "तुमचा पाइप खाली उतरला, तवा त्याला कुनी इचारलं का, तुजं काय काम हाय म्हनून?"

ते हसले. नवऱ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी शिकलेल्या हायेत." आणि माझा नवरा त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेला, गाडीचं दार उघडून धरलं. परत आला तेव्हा मी त्याच्यासमोर ती सफरचंदं एकेक करून शेळीला घातली. त्याचाही दोष होता आणि तोही फसला होता, आणि मला या दोन्ही गोष्टींचा सारखाच राग येत होता.

पुढच्या दिवाळीला कोयता सुटला नव्हताच. ओढा पुन्हा भरला होता, काठावर पाइप आधीच येऊन बसले होते. आत्याबाईंना मागं ठेवायचा प्रश्नच नव्हता. पोरीला माझ्या माहेरी पाठवलं आणि आत्याबाईंना ट्रॉलीत गोधड्यांवर निजवलं. इतकी वर्षं त्या टोळीला वाटेला लावायच्या, आता टोळीतून चालल्या होत्या. आमचा ट्रॅक्टर लांब खालच्या अंगाच्या फरशी पुलावरून ओढ्याच्या पल्याड गेला, तर तिथं रस्त्याच्या कडेला ती म्हातारी उभी. तिचीही लेकरं त्याच दिवशी गेली होती.

"काय गं ए," ती ट्रॉलीला हात लावून म्हणाली, "तू चाललीस. मंग माज्यासाटी झिरा काढून ठेवलास का?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं आता काहीतरी सणसणीत ऐकायला मिळणार. पण त्या मैत्रिणीच्या हातावर नुसता हात ठेवून बसल्या आणि मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला.

श्रीरामपूरच्या अलीकडं कालव्याच्या कडेलाच आमच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. आवर्तन चालू होतं. पहिल्या सकाळी मी आत्याबाईंना उचलून बाहेर उन्हात बसवलं आणि कालव्यातून तांब्या भरून आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"हे कुनासाटी काढलंय?"

"हे कुनी काढत न्हाई, आत्याबाई. कालवा हाय. वाहतोय आपला."

त्यांनी पाण्याकडं पाहिलं. "मंग मला सांग, आपन आता जानारे का ऱ्हानारे?"

"प्या," एवढंच मी म्हणाले. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि न थांबता सगळा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं ते पुसलंही नाही. ज्या बाईनं उभ्या जन्मात पाण्याचा थेंब सांडू दिला नाही, ती अशी पीत होती. मी तांब्या घेऊन पुन्हा भरून आणला, त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत बघत तो स्वतःच्या तोंडाशी नेला. तसाच धरून थांबले. त्यांनी मारावं, तांब्या उडवून द्यावा, सगळ्या टोळीदेखत मला शिव्या द्याव्यात, एवढंच मला हवं होतं.

आत्याबाईंचा हात गोधडीवरून हलला नाही.

"पी गं," त्या म्हणाल्या. "आता कुनासाटी ठेवायचं?"